इमेजमधले स्थिर फीचर्स कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅनोरामा जोडणारे, ड्रोनच्या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारे, रोबोटला वाट शोधायला लावणारे आणि कॉलेजचा प्रोजेक्ट करणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. आधी सोपे, नंतर अडचणीचे. जिथे एक उत्तर दुसऱ्यात गुंतलंय तिथे नंबर दिलाय.

१. फीचर, कीपॉइंट, कॉर्नर, इंटरेस्ट पॉइंट हे सगळं एकच आहे का?

जवळपास, पण पूर्ण नाही. कीपॉइंट आणि इंटरेस्ट पॉइंट म्हणजे इमेजमधली अशी जागा जी आजूबाजूपेक्षा वेगळी उठून दिसते. कॉर्नर हा त्यातला एक प्रकार, जिथे दोन दिशांच्या कडा भेटतात. दुसरा प्रकार म्हणजे ब्लॉब, म्हणजे ठिपका, उजेडात अंधाराचा किंवा अंधारात उजेडाचा. फीचर हा शब्द लोक दोन्ही अर्थांनी वापरतात, कधी नुसती जागा, कधी जागा अधिक तिचं वर्णन. ते वर्णन म्हणजे डिस्क्रिप्टर. डिटेक्टर जागा शोधतो आणि डिस्क्रिप्टर ती जागा कशी दिसते ते आकड्यांत लिहितो, ही दोन वेगळी कामं आहेत हे पक्कं ठेवा, पुढचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

२. "स्थिर" फीचर म्हणजे नेमकं काय? माझ्या फोटोवर तर छान हिरवे ठिपके आलेत.

एका फोटोवर ठिपके छान दिसले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. स्थिर म्हणजे त्याच वस्तूचा दुसरा फोटो काढला, थोडं बाजूला सरकून, थोडं लांबून, उजेड बदलल्यावर, तरी डिटेक्टरने वस्तूवरच्या त्याच जागेवर परत बोट ठेवलं पाहिजे. याला रिपीटॅबिलिटी म्हणतात आणि माझ्या मते डिटेक्टरची खरी परीक्षा हीच. म्हणून कुठलाही डिटेक्टर तपासायचा तर कायम दोन फोटो घ्या, एक कधीच नाही. हे मोजायचं कसं ते प्रश्न २० मध्ये आहे.

३. कडा तर किती स्पष्ट दिसतात, मग कडांवरचे पॉइंट का घेत नाहीत?

एक प्रयोग करून बघा. कागदाला पेन्सिलीने एक बारीक भोक पाडा आणि स्क्रीनवरच्या एखाद्या लांब सरळ रेषेवर तो कागद ठेवा. आता कागद रेषेच्या दिशेने हळूहळू सरकवा. भोकातून दिसणारं चित्र बदलतच नाही, तुम्ही एक सेंटिमीटर सरकलात की दोन हे कळायला काही मार्गच नाही. रेषेला आडवं सरकवलं तर मात्र लगेच कळतं. आणि भोक रेषेच्या टोकाला किंवा दोन रेषांच्या सांध्यावर आणलं तर कुठल्याही दिशेने जरा हललं तरी चित्र बदलतं.

डिटेक्टरही असाच छोट्या भोकातून बघत असतो. सपाट भिंतीवर कुठेही हला काही फरक पडत नाही, कडेवर एका दिशेत फरक पडत नाही, कोपऱ्यावर सगळ्या दिशांत पडतो. म्हणून कडेवरचा पॉइंट कितीही ठळक असला तरी पुढच्या फोटोत तो कडेवरून घसरतो. याला अॅपर्चर प्रॉब्लेम म्हणतात.

४. हॅरिस डिटेक्टरचं गणित सोप्या भाषेत सांगाल का?

वरचा भोकाचा प्रयोगच गणितात लिहिलाय. मोरावेकने १९८० च्या सुमारास रोबोटच्या कॅमेऱ्यासाठी हेच केलं होतं, छोटी खिडकी घ्यायची, ती आठ दिशांना थोडी सरकवायची आणि सगळ्यात कमी फरक किती पडतो ते बघायचं. अडचण अशी की ४५-४५ अंशांच्या दिशाच तपासल्या जायच्या, त्यामुळे मधल्या कोनातली तिरकी कडही कॉर्नर म्हणून निवडली जायची.

१९८८ मध्ये हॅरिस आणि स्टीफन्स यांनी सरकवणं सोडून ग्रेडियंट वापरले, म्हणजे एका पिक्सेलवरून शेजारच्यावर जाताना उजेड किती बदलतो तो आकडा. खिडकीतल्या प्रत्येक पिक्सेलचा आडवा आणि उभा ग्रेडियंट घ्या, त्यांच्या वर्गांची आणि गुणाकाराची बेरीज करून दोन बाय दोनचं मॅट्रिक्स बनवा. त्याच्या दोन आयगेन व्हॅल्यू सांगतात की सगळ्यात जास्त बदलाच्या दिशेत किती बदल आहे आणि सगळ्यात कमी बदलाच्या दिशेत किती. दोन्ही लहान म्हणजे सपाट, एक मोठी एक लहान म्हणजे कड, दोन्ही मोठ्या म्हणजे कोपरा. आयगेन व्हॅल्यू काढायचा खर्च वाचवायला ते डिटरमिनंटमधून (दोन्ही आयगेन व्हॅल्यूंचा गुणाकार) ट्रेसच्या (त्यांची बेरीज) वर्गाचा एक छोटा हिस्सा वजा करतात, तो हिस्सा साधारण ०.०४ ते ०.०६. हा आकडा फार मनाला लावून घेऊ नका, त्याच्याशी खेळण्यात लोक दिवस घालवतात आणि खरी गडबड थ्रेशोल्डमध्ये, म्हणजे ज्याच्या खालच्या स्कोअरचे पॉइंट टाकून देतो त्या मर्यादेत असते (प्रश्न ६).

५. मग शी-टोमासी वेगळं काय करतं?

१९९४ चं काम आहे. तेच मॅट्रिक्स, फक्त स्कोअर म्हणून दोनांतली लहान आयगेन व्हॅल्यू थेट घेतात. "सगळ्यात कमकुवत दिशेतही पुरेसा बदल आहे का" एवढाच प्रश्न. व्हिडिओत पॉइंट ट्रॅक करायचे असतील तर मी हॅरिसऐवजी हेच घेते. ओपनसीव्ही या इमेजच्या कामाच्या मोफत लायब्ररीत "गुड फीचर्स टू ट्रॅक" नावाचं फंक्शन आहे ते हेच.

६. काल सगळे कॉर्नर नीट येत होते, आज त्याच सीनमध्ये एकदम गायब. कोडला हातही लावला नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर बहुतेक वेळा थ्रेशोल्डमध्येच असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा उजेड कमी झाला आणि इमेजचा कॉन्ट्रास्ट निम्मा झाला. ग्रेडियंट निम्मे होतात. मॅट्रिक्समधले आकडे ग्रेडियंटच्या वर्गाचे असतात म्हणून ते पाव होतात. हॅरिसचा स्कोअर त्या आकड्यांच्या गुणाकारातून येतो म्हणून तो थेट सोळावा हिस्सा होतो. म्हणजे डोळ्याला थोडाच काळोख वाटतोय आणि स्कोअर सोळापट पडलाय. ठरलेला थ्रेशोल्ड लावला असेल तर कॉर्नर जाणारच. शी-टोमासीत हीच घसरण चौपट असते.

त्यावर उपाय म्हणून लोक थ्रेशोल्ड कमाल स्कोअरच्या टक्केवारीत ठेवतात, बऱ्याच शिकवणीत "कमालच्या १ टक्का" असं असतं. सगळा उजेड सारखा कमी झाला तर हे झकास चालतं. पण फ्रेममध्ये एखादी चकाकी आली तर बघा काय होतं. साध्या कोपऱ्यांचा ग्रेडियंट समजा ४० आहे आणि धातूच्या कडेवर पडलेल्या चमकीचा २००, म्हणजे पाचपट. हॅरिस स्कोअर पाचचा चौथा घात, म्हणजे ६२५ पट. आता साधे कोपरे कमालच्या ०.१६ टक्क्यावर बसले आणि तुमचा थ्रेशोल्ड १ टक्का, म्हणजे एका चमकणाऱ्या स्क्रूने अख्खा फ्रेम पुसून टाकला. शी-टोमासीत ती तफावत २५ पट असते, साधे कोपरे ४ टक्क्यांवर राहतात आणि १ टक्क्याच्या थ्रेशोल्डमधून सुटतात, पण तुम्ही ५ टक्के ठेवले असतील तर तिथेही जातात.

म्हणून माझा आग्रह असा की अख्ख्या इमेजला एकच थ्रेशोल्ड लावूच नका. इमेजचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातले चांगले पॉइंट वेगळे निवडा. याचा आणखी एक फायदा प्रश्न १२ मध्ये आहे.

७. लांबून फोटो काढला की हॅरिसचे पॉइंट जुळत नाहीत. का?

कारण हॅरिसची खिडकी ठराविक मापाची असते. जवळून काढलेल्या फोटोत एखादा गोलसर कोपरा खिडकीएवढाच मोठा होतो आणि खिडकीतून नुसती वाकलेली कड दिसते, लांबून तोच कोपरा टोकदार दिसतो. फिरवण्याला हॅरिस चांगला तग धरतो, झूमला नाही.

यावरचा उपाय लिंडेबर्गच्या स्केल-स्पेसच्या कामातून आला. एकच इमेज हळूहळू जास्त जास्त ब्लर करत जायचं, बारीक गोष्टी आधी विरतात मग मोठ्या, आणि प्रत्येक ठिपका कुठल्या ब्लरला सगळ्यात जोरात बोलतो ते बघायचं. तो ब्लर म्हणजे त्या ठिपक्याचं स्वतःचं माप. फोटो दुप्पट मोठा झाला तर ते मापही दुप्पट होतं, आणि म्हणून दोन्ही फोटोंत वस्तूचा तेवढाच भाग बघितला जातो.

८. सिफ्टच्या आत पायरीपायरीने काय होतं?

सिफ्ट ही जागा आणि डिस्क्रिप्टर दोन्ही देणारी, झूम आणि फिरवणं सहन करणारी पद्धत. डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडली आणि २००४ मध्ये सविस्तर लिहिली. शेजारशेजारच्या दोन ब्लर केलेल्या इमेज एकमेकांतून वजा करायच्या. प्रत्येक पिक्सेलची तुलना २६ शेजाऱ्यांशी होते, स्वतःच्या पातळीवरचे ८, वरच्या पातळीचे ९, खालचे ९. सगळ्यांपेक्षा मोठा किंवा सगळ्यांपेक्षा लहान असेल तरच उमेदवार. मग एक वक्र बसवून पिक्सेलच्याही आतली नेमकी जागा काढतात, फिके उमेदवार टाकून देतात, आणि कडेवर बसलेले टाकतात. कडेची चाचणी हॅरिसच्याच घरातली आहे, दोन दिशांच्या वक्रतेचं प्रमाण १० च्या वर गेलं की बाद.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, लोव सुरुवातीला इमेज दुप्पट मोठी करतात, आणि त्यांच्या मूळ लेखनानुसार एवढ्यानेच स्थिर कीपॉइंटची संख्या जवळपास चौपट होते. कोणी वेगासाठी ही पायरी काढून टाकली असेल तर बारीक टेक्स्चर असलेल्या फोटोत पॉइंट कमी का येतात याचं उत्तर तिथे असू शकतं.

शेवटी आजूबाजूच्या ४ बाय ४ घरांत प्रत्येकी ८ दिशांचा हिशेब, म्हणून १२८ आकड्यांचा डिस्क्रिप्टर.

९. एकाच जागी दोन कीपॉइंट येतायत, फक्त कोन वेगळा. बग आहे का?

नाही, मुद्दाम केलंय. सिफ्ट आजूबाजूच्या ग्रेडियंटच्या दिशांचा ३६ खणांचा हिस्टोग्राम काढतो आणि सगळ्यात उंच खणाला त्या पॉइंटची मुख्य दिशा मानतो, म्हणजे फोटो फिरवला तरी वर्णन त्या दिशेपासूनच सुरू होतं. पण एखादा दुसरा खणही कमालच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचत असेल तर पुढच्या फोटोत कोण जिंकेल याची खात्री नसते, म्हणून दोन्हींसाठी वेगवेगळे कीपॉइंट बनवतात. तुम्ही ते "डुप्लिकेट" समजून आधीच काढून टाकलेत तर मॅच कमी होतील. पॉइंट मोजायचे असतील तेव्हा मात्र जागा एकदाच धरा.

१०. मोबाइलवर रिअल-टाइम चालवायचंय. फास्ट आणि ऑर्ब काय आहे?

फास्ट हा रोस्टन आणि ड्रमंड यांचा, २००६ चा. पिक्सेलभोवती ३ पिक्सेल त्रिज्येचं १६ पिक्सेलचं वर्तुळ बघतो, त्यातले सलग ९ किंवा १२ पिक्सेल मधल्यापेक्षा ठळकपणे उजळ किंवा ठळकपणे काळे असतील तर कॉर्नर. ग्रेडियंट नाही, मॅट्रिक्स नाही, नुसत्या तुलना, म्हणून प्रचंड वेगवान. पण त्याला स्केल माहीत नाही, दिशा माहीत नाही, आणि नॉइजमध्ये तो वाहवत जातो.

ऑर्ब, २०११ चा, यातल्या उणिवा भरतो. लहान लहान होत जाणाऱ्या इमेजचा पिरॅमिड करून प्रत्येक थरावर फास्ट, मग हॅरिस स्कोअरने क्रम लावून वरचे पॉइंट ठेवायचे, उजेडाच्या गुरुत्वमध्यावरून दिशा काढायची, आणि २५६ बिटचा डिस्क्रिप्टर. तो डिस्क्रिप्टर बिटांचा आहे म्हणून तुलना हॅमिंग अंतरानेच, म्हणजे किती बिट वेगळे आहेत ते मोजूनच करायची. ओपनसीव्हीचा ब्रूट-फोर्स मॅचर काही न सांगता बनवला तर तो साधं अंतर घेतो, ऑर्बसाठी ते चुकीचं, आणि एररही येत नाही, नुसते मॅच खराब येतात.

११. थोडक्यात सांगा, कुठला वापरू?

फोटो कमी, अचूकता हवी, वेळ आहे, उदाहरणार्थ थ्रीडी मॉडेल: सिफ्ट. व्हिडिओ, छोटं मशीन, फ्रेममधला फरक थोडा: शी-टोमासी किंवा ऑर्ब. कॅलिब्रेशनचा (कॅमेऱ्याच्या लेन्सची नेमकी मापं काढायचा) चौकटीचा बोर्ड: त्याचं स्वतःचं फंक्शन, हे काही नको. दिवस-रात्र किंवा फार वेगळ्या कोनातले फोटो: प्रश्न १९.

सिफ्टच्या पेटंटची भीती अजून बऱ्याच जणांना आहे. ते मार्च २०२० मध्ये संपलं आणि ओपनसीव्हीच्या ४.४.० पासून सिफ्ट मुख्य भागात आलं, वेगळं पॅकेज लागत नाही. सर्फ ही सिफ्टसारखीच दुसरी पद्धत मात्र अजून तिथल्या नॉन-फ्री भागातच आहे.

१२. ५०० पॉइंट मागितले तर सगळे एकाच झाडावर किंवा एकाच पाटीवर गोळा होतात. पसरवायचे कसे?

डिटेक्टर स्कोअरप्रमाणे रांग लावतो आणि वरचे ५०० देतो, झाडाच्या पानांत कॉन्ट्रास्ट सगळ्यात जास्त म्हणून सगळी रांग तिथेच. आणि हे दोनदा वाईट, एकतर पानं वाऱ्याने हलतात, दुसरं म्हणजे सगळे पॉइंट एका कोपऱ्यात असतील तर कॅमेऱ्याची हालचाल काढताना कोनातली छोटी चूक इमेजच्या दुसऱ्या टोकाला मोठी होते.

सोपा उपाय म्हणजे चौकोन पाडणं. ऑर्ब-स्लॅममध्ये (कॅमेऱ्यावरून जागा आणि नकाशा काढणारा प्रोग्राम) हेच केलंय, तिथे आधी प्रत्येक चौकोनात फास्ट जरा कडक थ्रेशोल्डने चालवतात, काहीच मिळालं नाही तर त्याच चौकोनात सैल थ्रेशोल्डने परत. ब्राऊन, झेलिस्की आणि विंडर यांची २००५ ची पद्धतही सुरेख आहे: प्रत्येक पॉइंटसाठी त्याच्यापेक्षा ठळकपणे बलवान असा सगळ्यात जवळचा पॉइंट किती लांब आहे ते काढायचं, आणि ज्यांचं हे अंतर सगळ्यात मोठं ते ठेवायचे. म्हणजे आपापल्या भागात जो सगळ्यात बलवान तो निवडला जातो.

१३. दोन्ही फोटोंत पाच-पाच हजार कीपॉइंट आले आणि मॅच फक्त बारा. डिटेक्टर खराब आहे का?

आधी ठरवा चूक कुठल्या पायरीत आहे. दोन्ही फोटोंतला एखादा ओळखीचा भाग, समजा पाटीवरचं एक अक्षर, मोठा करून बघा. दोन्हीकडे त्याच टोकावर ठिपका आहे? मग डिटेक्टरने काम केलंय आणि चूक डिस्क्रिप्टर किंवा मॅचिंगची. ठिपकेच वेगळ्या जागी आहेत? मग डिटेक्टर. हे बघायला पाच मिनिटं लागतात.

मॅचिंगमध्ये बहुतेक जण लोवची रेशो टेस्ट लावतात, सगळ्यात जवळच्या आणि दुसऱ्या नंबरच्या मॅचच्या अंतरांचं प्रमाण ०.८ च्या वर असेल तर टाकून द्यायचं. लोव यांच्या प्रयोगात यामुळे चुकीचे ९० टक्के मॅच गेले आणि बरोबरचे ५ टक्क्यांहून कमी. पण ०.८ हा सगळीकडे लागू पडणारा आकडा नाही, तुम्ही कुठूनतरी ०.६ उचलला असेल तर आधी तो सैल करा. उरलेल्या चुकीच्या मॅचसाठी रॅन्सॅक आहेच, तो थोडे थोडे मॅच घेऊन हालचालीचा अंदाज बांधतो, सगळ्यात जास्त मॅच ज्याला पटतात तो अंदाज ठेवतो आणि बाकीचे मॅच टाकतो.

१४. एकसारख्या खिडक्यांची इमारत, फरशा, जाळी. पॉइंट भरपूर, मॅच शून्य.

इथे डिटेक्टर अगदी बरोबर वागतोय, प्रत्येक खिडकीचा कोपरा दोन्ही फोटोंत सापडतोय. पण तिसऱ्या मजल्याचा कोपरा आणि पाचव्याचा कोपरा डिस्क्रिप्टरला सारखेच, त्यामुळे पहिला आणि दुसरा मॅच जवळपास सारख्याच अंतरावर येतात आणि रेशो टेस्ट दोन्ही फेकते. टेस्ट काढून टाकली तर इमारत एक खिडकी सरकून जुळते, आणि हे जास्त धोकादायक कारण रॅन्सॅकलाही ते सुसंगत वाटतं.

मोठ्या स्केलचे कीपॉइंट ठेवा, त्यांच्या घेऱ्यात खिडकीबरोबर शेजारचा बोर्ड, झाड, छताची कड असं काहीतरी वेगळं येतं. व्हिडिओ असेल तर मागच्या फ्रेममधल्या जागेच्या आसपासच शोधा. आणि इमारतीच्या कडा फ्रेममध्ये येतील असे फोटो काढा, मधलाच भाग काढाल तर माणसालाही सांगता येणार नाही कुठली खिडकी कुठली.

१५. दोन फोटोंत तोच कॉर्नर सापडतो, मॅचही होतो, तरी थ्रीडीत पॉइंट भलतीकडे जातो.

बहुतेक तो कोपरा खरा नाहीच. समोर एक खांब आहे आणि मागे लांबवर छताची आडवी कड. फोटोत खांबाची उभी कड आणि छताची आडवी कड जिथे एकमेकींना छेदतात तिथे मस्त कॉर्नर दिसतो, हॅरिसचा स्कोअर उत्तम. पण त्या जागी जगात कुठलीच वस्तू नाही. कॅमेरा उजवीकडे सरकला की खांब आणि छत वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि छेदबिंदू छताच्या कडेवरून घसरत जातो. तो सगळ्या फ्रेममध्ये दिसतो, प्रत्येक वेळी ठळक, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवर.

पुढचं आणि मागचं यांच्या सीमेवर असे पॉइंट नेहमी येतात. चमकणाऱ्या पृष्ठभागावरची चकाकी पण याच जातीची, ती वस्तूला चिकटलेली नसते, कॅमेऱ्याबरोबर सरकते. सावलीचे कोपरे एका फोटोसेशनमध्ये चालतात, संध्याकाळी परत गेलात तर नाहीत. हे एका इमेजवरून ओळखणं कठीण, म्हणून तीन किंवा जास्त फोटोंत भूमिती जुळते का ते तपासूनच पॉइंट ठेवायचा. दोन फोटोंत जुळलेल्यावर विसंबू नका.

१६. कॅमेरा हलतोय तरी प्रोग्राम म्हणतो हलला नाही.

फ्रेमवर तारीख-वेळ छापलीय का बघा. मी यात पूर्ण दोन दिवस घालवले होते. पांढरी अक्षरं, काळी किनार, जगातले सगळ्यात उत्तम कॉर्नर, आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये त्याच पिक्सेलवर, अर्ध्या पिक्सेलचाही फरक नाही. रॅन्सॅकला बहुमत मिळालं आणि बहुमताने सांगितलं हालचाल शून्य. लोगो, वॉटरमार्क, गाडीचा बॉनेट, लेन्सवरचा डाग, ड्रोनचा पाय, सगळ्यांचं तेच. डिटेक्टरला मास्क द्या, म्हणजे कुठे शोधायचं नाही ते सांगणारी वेगळी इमेज, ती जागा काळी रंगवू नका, कारण रंगवलेल्या चौकोनाचे चार कोपरे पुन्हा तेच करतात.

१७. जेपेग, नॉइज, ब्लर यांचा काय परिणाम? फोटो शार्प करून घेऊ का?

शार्प करू नका, नॉइजही शार्प होतो. काळोखातल्या नॉइजचे ठिपके डिटेक्टरला कॉर्नरसारखेच दिसतात, फक्त पुढच्या फ्रेममध्ये ते नसतात. थोडा गॉसियन ब्लर उलट मदत करतो. हलल्यामुळे आलेला ब्लर वेगळा, तो एकाच दिशेत असतो म्हणून त्या दिशेतल्या कडा शिल्लक राहतात आणि त्या दिशेला काटकोनातल्या पुसल्या जातात, कॉर्नरचं रूपांतर कडेत होतं. त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज फारसा नाही, शटर वेगवान ठेवा.

जेपेग इमेजचे ८ बाय ८ चे तुकडे करून दाबतो आणि जास्त दाबलं तर तुकड्यांच्या सीमा दिसतात. संशय असेल तर कीपॉइंटच्या आडव्या जागेला ८ ने भागून बाकीचा हिस्टोग्राम काढा, साधारण सपाट यायला हवा. एका-दोन बाकींवर डोंगर दिसला तर तुम्ही वस्तूचे नाही, फाइलचे कोपरे शोधताय.

१८. छोटे छोटे प्रश्न, एकत्र

रंगीत इमेज देऊ का? बहुतेक डिटेक्टर आत ग्रे करूनच घेतात. त्यात कधी कधी कोपरा हरवतो: नेहमीच्या सूत्राने शुद्ध लाल २५५ चा ग्रे होतो ७६, आणि हिरवा १३० चाही ७६. लाल-हिरव्याची डोळ्यात भरणारी सीमा डिटेक्टरसाठी सपाट भिंत. असं असेल तर एखादा रंगाचा चॅनल वेगळा देऊन बघा.

आरशातली इमेज जुळेल का? ठिपके बरोबर जागी येतील, डिस्क्रिप्टर जुळणार नाही. एक इमेज उलटी करून परत काढा.

बाजूने काढलेला फोटो? पाटीकडे ६० अंशातून बघितलं तर रुंदी निम्मी दिसते आणि उंची तेवढीच, सिफ्टचा घेरा गोल असतो, त्याला हे झेपत नाही. साधारण ३० अंशांपुढे घसरण जाणवायला लागते. एमसर आणि हॅरिस-अफाइन हे डिटेक्टर त्यासाठीच, आणि ए-सिफ्ट तर इमेजच वेगवेगळ्या कोनांत तिरकी करून प्रत्येकीवर सिफ्ट चालवतो, हळू पण चिवट.

अर्ध्या मापाच्या इमेजवर पॉइंट शोधून दोनने गुणले, अर्धा पिक्सेल चूक येते. पिक्सेलच्या मध्याला शून्य धरत असाल तर दोनने गुणून ०.५ मिळवावे लागतात. कॅलिब्रेशनमध्ये हा अर्धा पिक्सेल फार महाग पडतो.

१९. आता डीप लर्निंग आहे, हे जुनं शिकायची गरज आहे का?

सुपरपॉइंट, २०१८, जागा आणि डिस्क्रिप्टर दोन्ही एकाच नेटवर्कमधून देतो. त्याला शिकवलं कसं ते बघण्यासारखं आहे: आधी कॉम्प्युटरने काढलेल्या त्रिकोण-चौकोनांवर, जिथे कोपरा कुठे आहे हे पक्कं माहीत असतं, मग खऱ्या फोटोंना वेगवेगळं वाकवून-फिरवून जे पॉइंट पुन्हा पुन्हा येतात तेच बरोबर असं धरून. म्हणजे प्रश्न २ मधली रिपीटॅबिलिटीच त्याची शिक्षक आहे. पुढे सुपरग्लू आणि लाइटग्लू यांनी मॅचिंग सुधारलं, आणि २०२१ च्या लॉफ्टरने तर वेगळा डिटेक्टरच काढून टाकला, तो दोन इमेज एकत्र बघून थेट जोड्या देतो, त्यामुळे साध्या भिंतीवरही काहीतरी हाती लागतं.

दिवस-रात्र, ऋतू बदल, मोठा कोन, इथे हे जिंकतात आणि मी तेच वापरते. पण सुपरपॉइंटला इमेज ९० अंश फिरवून द्या आणि सिफ्टशी तुलना करा, सिफ्ट सहज पुढे जातो. पिक्सेलच्या आतली अचूकता लागते तिथेही सिफ्ट अजून तगडा आहे. आणि मॉडेल फाइलचं लायसन्स वाचा, सुपरपॉइंटची मूळ फाइल व्यावसायिक वापराला खुली नाही. खांब आणि छताचा खोटा कोपरा (प्रश्न १५), छापलेली तारीख (प्रश्न १६), हे नेटवर्कलाही फसवतं, म्हणून शिकाच.

२०. माझा डिटेक्टर खरंच स्थिर आहे का हे स्वतः कसं तपासू? माझी रिपीटॅबिलिटी ८० टक्के आली, चांगली ना?

एखादी सपाट वस्तू घ्या, म्हणजे एका फोटोतल्या कुठल्याही पॉइंटची दुसऱ्या फोटोतली जागा होमोग्राफीने (एका फोटोतली सपाट वस्तू दुसऱ्यावर बसवणारं गणिती सूत्र) नेमकी काढता येते. पहिल्यातले पॉइंट दुसऱ्यात टाका, दोन्हींत दिसणाऱ्या भागातलेच मोजा, आणि किती जणांच्या दीड ते तीन पिक्सेलच्या आत दुसऱ्या फोटोचा स्वतःचा पॉइंट आहे ते बघा. तयार डेटा हवा असेल तर २०१७ चा एचपॅचेस आहे, त्यात उजेड बदलणारे आणि कोन बदलणारे संच वेगवेगळे ठेवलेत.

आता ८० टक्क्यांबद्दल. किती पॉइंट घेतले होते? ६४० बाय ४८० ची इमेज म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. ३ पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ साधारण २८ पिक्सेलचं. ५,००० पॉइंट घेतलेत तर या वर्तुळांचं एकूण क्षेत्र इमेजच्या ४६ टक्के होतं, एकमेकांवर आलेला भाग वजा केला तरी साधारण ३७ टक्के इमेज झाकली जाते. म्हणजे डोळे मिटून कुठेही ठिपके टाकले असते तरी रिपीटॅबिलिटी ३७ टक्के आली असती. ५०० पॉइंट घेतले तर हाच फुकटचा भाग साडेचार टक्क्यांवर येतो. म्हणून दोन डिटेक्टरची तुलना करताना पॉइंटची संख्या सारखी ठेवा आणि तीही कमी, आणि तुलनेला शेजारी कायम तेवढ्याच रँडम ठिपक्यांची रिपीटॅबिलिटी ठेवा.

दुसरी तपासणी अजून सोपी. कॅमेरा स्टँडवर लावा, काहीही हलवू नका, शंभर फ्रेम घ्या आणि प्रत्येक पॉइंट किती फ्रेममध्ये आला ते मोजा. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याने आणि सेन्सरच्या नॉइजने बरेच पॉइंट येऊन-जाऊन असतात. जे नव्वदच्या वर येतात ते एका रंगात रंगवा, जे तिसाच्या खाली ते दुसऱ्या, आणि इमेजवर कुठे कुठे पडलेत ते बघा. दुसरा रंग बहुतेक वेळा अंधाऱ्या सपाट भागात आणि लांब सरळ कडांवर सापडतो, आणि थ्रेशोल्ड कुठे नेऊन ठेवायचा ते तिथेच दिसतं.